शाडूची पाटी, बोरूचे खिळे : ठाण्याचा पिनकोड सुमेरी लिपीत

शाळेच्या प्रदर्शनात मेसोपोटेमिया आला की पायऱ्यापायऱ्यांचा झिगुरात, म्हणजे तिथल्या देवळाचा मनोरा, ठरलेला. पूर्वी थर्माकोलचा असे, आता पुठ्ठ्याचा असतो. तपकिरी रंग मात्र तोच. दिसतो बरा, पण बनवणाऱ्याच्या हाती डिंकाशिवाय फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा तळहातावर मावेल अशी मातीची पाटी करावी आणि तिच्यावर सुमेरी कारकुनासारखं लिहून पाहावं. अक्षरं खिळ्यांसारखी का दिसतात, हिशेब साठात का, आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या पावत्या आजही वाचता कशा येतात, हे वाचण्यापेक्षा हाताला लवकर समजतं.

सुमेरी लोकांच्या मुलखात, म्हणजे दक्षिण इराकमध्ये, टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खालच्या टप्प्यात, दगड नाही, बांधकामाचं लाकूड नाही, धातूची खाण नाही. आहे तो गाळ आणि पाणथळीतला बोरू. म्हणून घरं मातीची, मडकी मातीची, फार जुन्या काळी तर कापणीचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे. इ.स.पू. ३३००च्या सुमारास उरुक शहरात (आजचं वारका) कोठारात काय आलं आणि काय गेलं हे टिपून ठेवायची वेळ आली, तेव्हा हाताशी हेच दोन जिन्नस होते. सगळ्यात जुन्या पाट्यांपैकी बहुतेकींवर जव, बिअर, मेंढ्या आणि शिधा यांचेच आकडे आहेत. राजांचे पराक्रम आणि काव्य पुष्कळ नंतर आलं. आपल्याकडे दानपत्रं तांब्यावर कोरत, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवी असत. ठाण्यात १७८७ साली सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट इ.स. १०१७चा आहे. उरुकच्या कारकुनाला एवढा लांबचा विचार करायचं कारण नव्हतं. त्याला हिशेब जुळवायचा होता. पाटी टिकली ती मातीच्या गुणाने.

माती

शाडू घ्या. गणपतीच्या आधीचे दोन महिने ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, जिथे जिथे मूर्तींचे कारखाने लागतात तिथे सुटी शाडू मिळते. एरवी हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात पाकीट मिळतं. एक गोष्ट विचारून घ्या : मातीत कापूस किंवा कागदाचा लगदा घातलेला नाही ना? मूर्तीला तो लागतो, त्याने हातपाय तडकत नाहीत. पाटीला तो शत्रू. बोरू टेकवला की तंतू वर येतात आणि खिळ्याची कड फाटते.

खाडीवर जाऊन चिखल आणायची कल्पना सुचणारच, कारण तो फुकट आहे आणि दिसतोही अगदी युफ्रेटिसच्या गाळासारखा. आणू नका. एक तर कांदळवन संरक्षित आहे, तिथे खणणं गुन्हा ठरू शकतो. दुसरं म्हणजे त्यात मीठ असतं. पाटी वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येतं, सोबत मीठ आणतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आठवड्याभरात पाटीवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते आणि तिच्याबरोबर अक्षरांच्या कडा सुटतात. वस्तुसंग्रहालयांतल्या खऱ्या पाट्यांनाही हाच रोग आहे, कारण त्या देशाची जमीनही खारावलेली. खाजणात शेती केलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. गव्हापेक्षा जव खारट जमीन जास्त सोसतो. सुमेरी हिशेबांत जवाचा एवढा बोलबाला का, याचं एक कारण त्यात आहे.

एका पाटीला सुमारे १४० ग्रॅम ओली माती लागते. एक किलो कोरड्या शाडूत नऊ-दहा पाट्या होतात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला साडेचार-पाच किलो पुरे.

बादलीत सव्वा लिटर पाणी घ्या आणि त्यावर एक किलो माती हळूहळू भुरभुरवा. पाण्यात माती घालायची. उलट, मातीत पाणी ओतलं तर आत कोरड्या गाठी राहतात आणि त्या लिहिताना बरोबर बोरूखाली येतात. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी हाताने ढवळून चहाच्या गाळणीतून दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाशी राहिलेले खडे टाकून द्या. दोन तासांनी वरचं निवळलेलं पाणी काढा, उरलेला गाळ मलमलच्या दुहेरी फडक्यात बांधा आणि श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा टांगून ठेवा. उन्हाळ्यात बारा तास, पावसाळ्यात पूर्ण दिवस.

मग पाटावर दहा मिनिटं चांगलं मळा. तळहाताला चिकटत असेल तर अजून ओली आहे. पाटावर थोडा वेळ पसरून ठेवा. आता परीक्षा : पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले नाहीत तर माती तयार. तडे गेले आणि पाणी वाढवूनही जात राहिले, तर शाडू फार रुक्ष आहे. तीन भाग शाडूला एक भाग कुंभाराची माती मिसळा. कुंभाराची नुसतीच माती घेऊ नका. ती मळायला छान, पण वाळताना जास्त आकसते आणि पाटी पापडासारखी वाकते.

बोरू

मूळ लेखणी बोरूचीच. मात्र आपल्या आजोबांचा बोरू टोकाला तासून, चिरून शाईत बुडवायचा. यांचा कोरडा, आणि कामाला यायचा तो त्याच्या टोकाचा फक्त एक कोपरा. चायनीजच्या गाडीवर पार्सलसोबत मिळते ती लाकडी चॉपस्टिक घ्या, चौकोनी दांड्याची. गोल चालत नाही. जाड बाजूचं टोक सरळ कापा आणि बारीक पॉलिश पेपरवर घासून तिन्ही कडा जिथे मिळतात तो एक कोपरा धारदार करा. त्या कोपऱ्यावर पेनाने ठिपका द्या, म्हणजे मुलं दर वेळी तोच कोपरा वापरतील. लेखणी बारा-तेरा सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवू नका. लांब दांडी हलते.

काम चालू असताना दर पाच-सहा ठशांनी टोक ओल्या फडक्याला पुसायचं. लाकडावर मातीचा पातळ थर बसला की पुढचा खिळा चिकटतो आणि उचलताना मातीचा पोपडा घेऊन येतो.

पाटी घडवणं

१४० ग्रॅमचा गोळा हातात गोल करा, मग थापून लहान उशीसारखा आकार द्या : सात सेंटीमीटर उभी, पाच रुंद, मधे पावणेदोन-दोन जाड. लाटण्याने लाटून सुरीने कापलेली बिस्किटासारखी पाटी दिसायला नीटस असते, पण कापलेल्या धारदार कडा आधी वाळतात आणि तिथूनच भेग सुरू होते. कडा अंगठ्याने गोल करा. एक बाजू सपाट, दुसरी किंचित फुगीर ठेवा. खऱ्या पाट्यांतही बहुधा तसंच असतं : सपाट ती पुढची, फुगीर ती मागची.

आकार लहान वाटला तर हे लक्षात घ्या. इ.स.पू. १७५०च्या सुमारास उर शहरात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला पाठवलेलं पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तांबं हलकं दिलं, निरोप्याला अपमान करून परत पाठवलं, पैसे अडकवले, अशी सगळी तक्रार ११.६ बाय ५ सेंटीमीटरच्या पाटीवर मागून-पुढून बसवली आहे. मोठी पाटी म्हणजे जास्त मजकूर, हा नवशिक्याचा समज. मोठी पाटी फक्त जास्त तडकते.

घडवल्यावर वीस मिनिटं झाकून ठेवा. मे महिन्यात दहा पुरतात. पंखा बंद. अंगठा दाबला की ठशाच्या रेषा उमटाव्यात पण बोटाला माती लागू नये, ही लिहायची वेळ. इथून अर्धा-पाऊण तास हातात आहे. वर्गात एका वेळी सगळ्यांना पाट्या वाटू नका. उरलेल्या ओल्या फडक्याखाली ठेवा.

खिळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सवय आपल्याला रेघ ओढायची, आणि या लिपीत ओढायचं काहीच नाही. फक्त दाबायचं आणि उचलायचं. उरुकच्या पहिल्या पाट्यांवर कारकून खरोखरच चित्रं ओढत असत, जवाचं कणीस, मासा, वाडगा. पण ओल्या मातीत रेघ ओढली की दोन्ही बाजूंना मातीचा बांध उभा राहतो आणि वळण घेताना तो फुटतो. एकदा बोटभर लांबीचा अर्धवर्तुळाकार काप ओढून बघा, लगेच कळेल. पुढच्या काही शतकांत ओढणं जाऊन दाबणं आलं आणि चित्रं मोडून खिळे झाले.

पाटी डाव्या हातात धरा, टेबलावर नको. लेखणी पेनासारखी न धरता अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत आडवी धरा, ठिपक्याचा कोपरा खाली. मातीशी तीसेक अंशांचा कोन करून आधी कोपरा टेकवा, मग दांडीची कड किंचित खाली झुकवा, आणि सरळ वर उचला. डोकं त्रिकोणी, शेपूट निमुळती, असा खिळा उमटला पाहिजे. डोकं वर आणि शेपूट खाली तो उभा खिळा. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे तो आडवा. तिरपा त्यांच्या मधला. चौथी खूण म्हणजे नुसता कोपरा : लेखणी जास्त उभी धरून एकदा टोचायचं, शेपूट नाही. तिला आपण कोनखूण म्हणू. एवढ्या चार ठशांवर शेकडो चिन्हं उभी आहेत. दिशा बदलताना मनगट पिळू नका, डाव्या हातातली पाटी थोडी फिरवा.

ठसा बिघडला तर कारण ठशातच दिसतं. नुसतीच बारीक रेघ आली तर लेखणी फार आडवी पडली. खड्डा आला पण शेपूट नाही, तर फार उभी. शेपटाच्या टोकाशी माती गोळा झाली म्हणजे उचलण्याऐवजी ओढलं. कडेला भुगा सुटला तर पाटी कोरडी पडली आहे. तिच्यावर पाणी शिंपडू नका, वर चिखल आणि आत कोरडं असं होतं. ओल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळा. आणि दोन खिळे जवळजवळ आले की नंतरचा आधीच्याला चेपतो. याचा फायदा आजचे अभ्यासक घेतात : कुठला खिळा कुठल्याला दाबतो हे पाहून कारकुनाने कुठली खूण आधी केली ते सांगता येतं.

टाकाऊ गोळ्यावर उभे-आडवे मिळून तीसेक खिळे झाल्याशिवाय पाटीला हात लावू नका.

पिनकोड

आता लिहायचं काय? संख्या. उभा खिळा म्हणजे १, कोनखूण म्हणजे १०. तीनपर्यंत खिळे शेजारी-शेजारी, चारपासून तीन-तीनच्या रांगा एकाखाली एक : ७ म्हणजे तीन, तीन आणि खाली एक. ५९ पर्यंत असंच. ६० झाले की पुन्हा एक उभा खिळा, पण डावीकडच्या घरात. आपण दहा भरले की डावीकडे सरकतो, ते साठ भरल्यावर सरकत. स्टेशनच्या फलाटावर इंडिकेटरकडे बघत उभा असलेला माणूस मिनिटं मोजतो ती याच पद्धतीने.

ठाण्याचा ४००६०१ घ्या. साठने भागत जा आणि बाकी लिहीत जा.

४००६०१ ÷ ६० = ६६७६, बाकी ४१
६६७६ ÷ ६० = १११, बाकी १६
१११ ÷ ६० = १, बाकी ५१

शेवटचा भागाकार आणि मग बाक्या खालून वर : १, ५१, १६, ४१. पाटीवर डावीकडून उजवीकडे एक उभा खिळा. पाच कोनखुणा आणि एक खिळा. एक कोनखूण आणि सहा खिळे. चार कोनखुणा आणि एक खिळा. एकूण १९ ठसे. वाशीचा ४००७०३ होतो १, ५१, १८, २३, त्याला २१ ठसे. आधीची दोन घरं दोन्हींत सारखीच.

हे दोन्ही आकडे घरांमध्ये जागा न सोडता लिहिले तरी नीट वाचता येतात. प्रत्येक घर सुट्या खिळ्यांनी संपतं आणि पुढचं कोनखुणेने सुरू होतं, त्यामुळे हद्द आपोआप कळते. सगळ्या संख्या एवढ्या सरळ नसतात. ६१ म्हणजे १, १. दोन खिळे जरा जवळ आले की त्याचे २ होतात. ३६०१ म्हणजे १, मधलं घर रिकामं, १. आणि त्या काळी शून्याची खूणच नव्हती. रिकामी जागा सोडत, तीही नेहमी नाही. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत रिकाम्या घरासाठी दोन तिरप्या खिळ्यांची खूण रूढ झाली. तोवर एक खिळा म्हणजे १ की ६० की ३६००, हे वाचणाऱ्याने मजकुरावरून ओळखायचं. मुलांना आपापल्या जन्मसालाचं रूपांतर करायला द्या. २०१३चे ३३, ३३ होतात, मस्त भरगच्च दिसतात.

संख्येच्या वर एखादं चिन्ह हवं असेल तर तारा सोपा : एक आडवा, एक उभा आणि दोन तिरपे खिळे एकमेकांना मधोमध छेदून. वाचायचं ‘अन’, अर्थ आकाश. हेच चिन्ह ‘दिंगिर’ असं वाचलं की देव, आणि देवाच्या नावाआधी आलं की उच्चार न करता फक्त सूचना : पुढे देवाचं नाव आहे. एका चिन्हाला तीन कामं. लिपी वाचायला १९व्या शतकातल्या विद्वानांची दमछाक झाली ती यामुळेच.

ती वाचता येते याची खातरजमा कशी झाली, तो प्रयोग वर्गात जसाच्या तसा करता येतो. १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच असिरियन (प्राचीन उत्तर इराकमधला) मजकूर रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपर्ट या चौघांनी स्वतंत्रपणे केलेल्या भाषांतरांतून पारखला. पाकिटं उघडली तेव्हा अर्थ बराचसा जुळला. तुमच्याकडे चार मुलांना एकच पाटी द्या, उत्तरं बंद चिठ्ठीत घ्या. चारही चिठ्ठ्यांत वेगळे आकडे निघाले तर चूक बहुतेक वेळा वाचणाऱ्यांची नसते. खिळ्यांमधलं अंतर बिघडलेलं असतं.

मागची बाजू लिहायची तर पाटी वहीच्या पानासारखी डावी-उजवी उलटायची नाही. खालची कड धरून वर फिरवायची. तसं केलं की मजकूर खालच्या कडेवरून सरळ मागे चालू राहतो, आणि बऱ्याच पाट्यांत कडेवरही ओळ लिहिलेली सापडते. पुढची बाजू चेपू नये म्हणून मागची लिहिताना पाटी बोटांच्या टोकांवर, कडांनी पेलायची.

वाळवणं

लोखंडी जाळीवर ठेवा, खाली हवा खेळली पाहिजे. पहिले दोन दिवस वर वर्तमानपत्राचा कागद, दिवसातून दोनदा पालटणं. ऊन नको, पंख्याचा थेट वारा नको. तडा जातो तो वाळल्यामुळे नाही, एकसारखं न वाळल्यामुळे : वरचा थर आकसला, खालचा अजून फुगलेला, मधे ताण. हिवाळ्यात चार-पाच दिवसांत होते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याच्या हवेत दहा-बारा दिवस धरा, आणि हिरवट बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झटका. वाळलेली पाटी सातऐवजी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. वजन सलग दोन दिवस सारखं भरलं की वाळली समजा.

पाकीट आणि मुद्रा

करारपत्र असेल तर ते लोक पाटीवर मातीचंच पाकीट चढवत, त्यावर तोच मजकूर पुन्हा लिहीत आणि साक्षीदारांच्या मुद्रा उमटवत. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली असा संशय आला की पाकीट फोडायचं आणि आतलं वाचायचं. हे करून पाहायला मजा येते, पण नव्वद टक्के पाकिटं पहिल्या खेपेस फुटतात. आतली पाटी पूर्ण वाळलेली असते, ती आकसत नाही. बाहेरचं ओलं पाकीट आकसायला बघतं आणि फाटतं. म्हणून पाटी चामड्यासारखी घट्ट झाली, पण अजून गार लागते अशा वेळी गुंडाळा, साधारण दुसऱ्या दिवशी. आधी तिच्यावर कोरड्या शाडूची पूड चोळा, नाहीतर दोन्ही एक होऊन जातील. पाकिटाची पोळी चार मिलिमीटर जाड, सांधा मागच्या बाजूला.

मुद्रा दंडगोल असते, शिक्क्यासारखी दाबायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. दीड सेंटीमीटर जाडीच्या मार्करभोवती फाइलच्या प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि मार्कर काढून घ्या, हा साचा. मधे खोबरेल लावलेला स्ट्रॉ उभा करा. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिसला एक भाग पाणी, मापाने. अडीच सेंटीमीटर उंचीपर्यंत ओता. पाऊण तासाने साचा सोला, स्ट्रॉ फिरवून काढा, त्या भोकातून दोरी ओवता येते. मूळ मुद्राही अशाच गळ्यात किंवा कमरेला बाळगत. प्लास्टर अजून दमट असतानाच कर्कटकाच्या टोकाने कोरा. घेर ४.७ सेंटीमीटर भरतो, तेवढ्याच रुंदीचं चित्र आधी कागदावर काढून गुंडाळून बघा. अक्षरं असतील तर आरशातली. खोली एक मिलिमीटर पुरे. जास्त खोल गेलं तर माती अडकते. फिरवण्याआधी मुद्रेवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा आणि एका दमात, सारख्या दाबाने फिरवा. मधे थांबलात की तिथे पट्टा उमटतो.

चित्र कुठलं कोरावं? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे, अक्कडी काळातली, म्हणजे सुमेरी शहरांवर अक्कड शहराच्या राजांची सत्ता होती तेव्हाची. तिच्यावर त्याचा हुद्दा लिहिलाय : मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कडचा राजा सारगॉन आपल्या धक्क्याला मेलुहा, मगान (आजच्या ओमानच्या बाजूचं) आणि दिलमुनची (बहरीनची) जहाजं लागतात अशी फुशारकी मारतो, आणि उरच्या राजकबरींत, ज्या लिओनार्ड वूली यांनी १९२०च्या दशकात खणल्या, सिंधू कारागिरीचे लाल कार्नेलियनचे मणी निघाले. तेव्हा एखादं गलबत आणि मण्यांची माळ कोरली तर ती काही ओढूनताणून आणलेली गोष्ट होणार नाही. पुढे उलट दिशेनेही माल आला : १८४०च्या दशकात इंग्रज उत्खननकार लेयार्ड यांनी निमरुद या जुन्या असिरियन शहरातून इंग्लंडला पाठवलेल्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे गेल्या, आणि मुंबईत त्या उघडून लोकांना दाखवल्या गेल्या. काही असिरियन शिल्पपट्ट आजही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. प्रकल्पाआधी मुलांना तिथे नेऊन त्यांच्यावरच्या कोरीव खिळ्यांची डोकी कुठल्या बाजूला आहेत ते बघायला सांगा.

गोल पाटी

हात बसला की विद्यार्थ्यांची पाटी करा : आठ सेंटीमीटर व्यासाची, पावासारखी फुगीर. बॅबिलोनी शाळेत गुरुजी अशा पाटीवर वर दोन ओळी लिहून देत आणि पोराने खाली त्या गिरवायच्या. येल विद्यापीठाच्या संग्रहातली एक गोल पाटी, इ.स.पू. १८०० ते १६०० मधली, गणितवाल्यांची लाडकी आहे. चौरस, त्याचे दोन कर्ण, बाजूवर ३०, कर्णावर १, २४, ५१, १० आणि खाली ४२, २५, ३५. पहिला आकडा एकक आणि पुढचे साठावे भाग धरले तर १.४१४२१२९६, म्हणजे दोनचं वर्गमूळ, सहाव्या दशांश स्थळी येईपर्यंत अचूक. त्याला ३०ने गुणलं की खालचा आकडा, कर्णाची लांबी. रेघा पट्टीने ओढू नका, ताणलेला दोरा दाबून उमटवा. बांध उभा राहत नाही. आकडे कर्णाच्या वर ठेवा, रेघेवर चढवले तर ५१ मधला एकटा खिळा रेघेत हरवतो.

भाजायची का?

गरज नाही. त्या काळीही बहुतेक पाट्या नुसत्या वाळवलेल्या असत. घरच्या ओव्हनमध्ये अडीचशे अंशांना ठेवून पाटी भाजली असं वाटतं, प्रत्यक्षात ती फक्त कडक वाळते. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून ती पुन्हा न विरघळणारी व्हायला सहाशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणजे कुंभाराची भट्टी. तिथे द्यायची असेल तर आधी पंधरा दिवस वाळवा. आत ओल राहिली तर वाफ होऊन पाटी फुटते आणि शेजारची मडकीही घेऊन जाते. असिरियाची राजधानी निनेव्हे इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूने जाळली, तेव्हा राजा असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहाचं भाजकाम असं फुकटात झालं. तिथून तीस हजारांच्या आसपास पाट्या आणि तुकडे निघाले.

भाजलेलं आणि न भाजलेलं यांतला फरक दाखवायला कवेलूचा एक तुकडा आणि एक वाळलेली पाटी एकाच वेळी पाण्यात सोडा. कवेलू तसाच राहतो. पाटीतून बुडबुडे निघतात, कडा ढासळतात, आणि मधली सुटी होईपर्यंत तिचा चिखल झालेला असतो. ही फजिती समजू नका. निप्पूर या सुमेरी शहरात १९५१-५२ साली खणलेल्या एका घरात शाळेच्या पाट्यांचे सुमारे १,४०० तुकडे मिळाले, आणि जुन्या पाट्या भिजवून माती पुन्हा वापरायची सोयही तिथेच होती. तेव्हा बिघडलेल्या पाट्या, फुटलेली पाकिटं, सरावाचे गोळे, सगळं एका बादलीत टाका, पाण्याखाली बुडेल एवढं पाणी घाला आणि झाकण लावा. प्लास्टरचा कण मात्र त्यात पडू देऊ नका. पुढच्या खेपेला वळी बोटाभोवती तडकेल.